कागद वाकतो, पण ताणला जात नाही

कागदी जहाज, म्हणजे खऱ्या जहाजाची कागदातली छोटी प्रतिकृती, बांधताना एक क्षण हमखास येतो. सांगाडा उभा झालेला असतो, दोन्ही कुशींचे लांब तुकडे सरळ बसलेले असतात आणि हातात नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, तुकडा असतो. तो खाली दाबला की वर उचलला जातो. एक कड जुळवली की दुसरी सुरकुतते. आपला हातच कच्चा आहे, असं वाटू लागतं. पण दोष हाताचा नसतो. तिथे भूमितीचा एक पक्का नियम आडवा आलेला असतो, आणि मला हा छंद इतका प्रिय आहे तो मुख्यतः त्या नियमामुळे.

उदाहरणाला ‘ड्रेडनॉट’ घेऊ. ही ब्रिटिश युद्धनौका पोर्ट्समथच्या गोदीत बांधली गेली. २ ऑक्टोबर १९०५ रोजी तिचा कणा घातला आणि १० फेब्रुवारी १९०६ रोजी ती पाण्यात उतरली. हे चार महिन्यांत जमलं, कारण बरंचसं साहित्य आधीच तयार करून ठेवलं होतं. वाफेच्या टर्बाइनवर चालणारी ही पहिली बॅटलशिप, म्हणजे जाड चिलखताची, मोठ्या तोफांची युद्धनौका. १२ इंची दहा तोफा, पाच बुरुजांत दोन-दोन. ती आली आणि तिच्याआधीच्या सगळ्या बॅटलशिप जुनाट ठरल्या. खुद्द ती मात्र १९२३ मध्ये भंगारात निघाली. आज तिचा आकार समजून घ्यायचा तर आराखडे, छायाचित्रं आणि प्रतिकृती एवढाच आधार.

कागदी जहाजांसाठी १:२०० आणि १:२५० ही प्रमाणं रूढ आहेत. १:२०० ला ड्रेडनॉटची सुमारे १६० मीटर लांबी ८० सेंटिमीटरवर येते आणि २५ मीटर रुंदी साडेबारा सेंटिमीटरवर. लांबी २०० पटींनी घटली की क्षेत्रफळ ४० हजार पटींनी घटतं आणि घनफळ ८० लाख पटींनी. जहाजाचं वजन साधारण १८ हजार टन. त्याला ८० लाखांनी भागलं की सव्वादोन किलो उरतात. कागदाचं जहाज इतकं जड होतच नाही. ते पाण्यावर ठेवलं, तर खऱ्या जलरेषेच्या कितीतरी वर तरंगेल आणि बहुधा कलंडेल.

जाडीचा हिशेब उलट्या बाजूने करून पाहावा. ०.२ मिलिमीटर जाडीचा कागद या प्रमाणात ४ सेंटिमीटरचा पत्रा होतो. ड्रेडनॉटच्या जलरेषेवरचं चिलखत जिथे सर्वांत जाड होतं, तिथे ११ इंच होतं. मॉडेलवर ते जेमतेम १.४ मिलिमीटर भरेल, म्हणजे जाडसर पुठ्ठ्याएवढं. कठड्याची सळई कागदातून कापली तर ती तुळईसारखी दिसते. म्हणून तिथे धागाच ताणावा लागतो.

आता तो नियम. जर्मन गणिती गाउस यांनी तो १८२७ मध्ये मांडला. कोणत्याही पृष्ठभागावर एक बिंदू घ्या आणि तिथे पृष्ठभाग सर्वांत जास्त कोणत्या दिशेने वाकलाय आणि सर्वांत कमी कोणत्या, ते पाहा. या दोन वक्रतांचा गुणाकार हा त्या पृष्ठभागाचा खरा स्वभाव. पृष्ठभाग न ताणता, न फाडता कसाही वाकवला तरी हा गुणाकार बदलत नाही. सपाट कागदाचा गुणाकार शून्य. त्याची नळी केली तर एका दिशेने वाक आहे, पण दुसरीकडे सरळ रेषा, म्हणजे पुन्हा शून्य. म्हणून नळी जमते, शंकू जमतो. चेंडूला मात्र कागद सुरकुती न पडता कधीच चिकटत नाही, कारण तिथे दोन्ही दिशांना वाक आहे.

याच नियमाची दुसरी बाजू पाहायची असेल, तर कागदाची लांब पट्टी एका टोकाला धरा. ती लोंबते. आता बोटांनी तिला पन्हळीसारखा हलका बाक द्या. ती ताठ उभी राहते, कारण एका दिशेने वाकलेला कागद दुसऱ्या दिशेने सहज वाकू शकत नाही. तळाकडे वळलेली जहाजाची कूस सांगाड्यावर बसली की अख्खं मॉडेल घट्ट होतं, ते यामुळेच.

जहाजाचा मधला मोठा भाग एकाच दिशेने वळलेला असतो. तिथे कागद खुशीने बसतो. नाळ आणि मागचा गोलावा दोन्हीकडून वळतात. तिथे आराखडा करणारा तुकड्याच्या पाकळ्या पाडतो. शिंपी टक घालून कापडाला फुगवटा देतो, तसंच हे. आणि गंमत म्हणजे खऱ्या गोदीतही अडचण याच जागी यायची. मधले पोलादी पत्रे रोलरमधून काढून एका दिशेने वाकवता यायचे. दुहेरी वळणाचे पत्रे मात्र भट्टीत लाल करून, साच्यावर ठोकून घडवावे लागत. तापलेलं पोलाद ताणलं जातं; कागदाला ती सोय नाही, म्हणून त्याला कात्री लागते.

कागदाचा स्वतःचाही एक स्वभाव असतो. कारखान्यात लगदा जाळीवर धावतो तेव्हा त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेला लागतात. ओल लागली की तंतू रुंदीत फुगतात, लांबीत जवळजवळ नाही. माझ्या पहिल्या जहाजाला मी पांढरा पातळ गोंद सढळ हाताने लावला होता. रात्री कूस गुळगुळीत दिसत होती. सकाळपर्यंत कागद फुगून परत आक्रसला होता आणि आतल्या सगळ्या फासळ्या बाहेरून मोजता येत होत्या. तेव्हापासून मोठ्या तुकड्यांना मी पाण्याचा गोंद लावत नाही आणि फासळ्यांच्या मधल्या पोकळीत आधाराला पुठ्ठा बसवतो.

तंतूंची दिशा ओळखणं सोपं आहे. छोटा चौकोन कापून एका बाजूला ओलं बोट फिरवा. तो गुंडाळला जाईल आणि गुंडाळीचा आस असेल तीच तंतूंची दिशा. तोफांच्या नळ्या करताना हे फार उपयोगी पडतं. ड्रेडनॉटच्या तोफेची नळी १:२०० ला सुमारे ७ सेंटिमीटर लांब, भोक दीड मिलिमीटर. तंतू नळीच्या लांबीच्या दिशेने ठेवले तर पातळ कागद तारेभोवती मुकाट्याने गुंडाळला जातो. आडवे ठेवले तर उलगडत राहतो आणि नळीला कोन पडतात. कागदाची एक कड तिरकी कापली की नळी तोंडाकडे आपोआप निमुळती होते. अशा दहा नळ्या सारख्या व्हाव्यात म्हणून मी वीस करतो.

नाळ मी सर्वांत शेवटी घेतो. ड्रेडनॉटची नाळ पाण्याखाली पुढे आलेली होती, आणि १८ मार्च १९१५ रोजी तिने यू-२९ या जर्मन पाणबुडीला धडक देऊन बुडवलं. मॉडेलवर नेमकी तीच जागा पाकळ्यांची असते. पाकळ्या एकमेकींवर चढवायच्या नाहीत. कडेला कड भिडवायची आणि आतून पातळ कागदाची पट्टी द्यायची. त्याआधी प्रत्येक पाकळी किंचित ओलसर करून, तळहातावर ठेवून चमच्याच्या पाठीने हलकेच घोटायची. ओलसर कागद तेवढ्यापुरता केसभर ताणला जातो, आणि ते केसभर तिथे पुरतं. सुरुवात तळाकडच्या पाकळीने करायची, आणि ती पूर्ण सुकेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही.