यूपीएस आणि इन्व्हर्टर: घरातल्या ऑफिसला नेमकं काय लागतं?

दापोली-गुहागरकडे घरून काम करणारा माणूस दुकानात जाऊन “बॅकअप हवा” म्हणतो आणि इन्व्हर्टर घेऊन येतो. टेबलावर डेस्कटॉप असेल तर पुष्कळदा लाईट जाते, पंखा फिरत राहतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद होऊन पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टरमध्ये दोष नसतो, त्याच्याकडून यूपीएसचं, म्हणजे लाईट जाताच क्षणात बॅटरीवर येण्याचं, काम मागितलेलं असतं.

कॉम्प्युटरचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) वीज तुटल्यावर जेमतेम 16 ते 20 मिलिसेकंद तग धरतो. छोटा यूपीएस साधारण 10 मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, घरगुती इन्व्हर्टरला नॉर्मल मोडवर 40 पर्यंत लागू शकतात. बऱ्याच इन्व्हर्टरवर मोड बदलायचा खटका असतो. तो ‘यूपीएस’कडे केला की बदल लवकर होतो, पण मग व्होल्टेज साधारण 180 च्या खाली गेलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो. वाडीतल्या शेवटच्या खांबावरच्या घरात संध्याकाळी हे रोजचंच. लाईट असूनही बॅटरी खर्च होत राहते, आणि खरी लाईट जाते तेव्हा ती अर्धी रिकामी असते. तिथे इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून डेस्कटॉपला वेगळा यूपीएस देणं बरं.

आता किती वेळ पुरेल ते बघू. 600 व्हीएच्या (व्हीए हे यूपीएसच्या ताकदीचं माप) यूपीएसमध्ये सहसा 12 व्होल्ट, 7 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीच्या साठ्याचं माप) बॅटरी असते, म्हणजे कागदावर 84 वॉट-अवर. डेस्कटॉप आणि मॉनिटर त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालतात. फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायला एवढं पुरतं. 12 व्होल्ट, 150 एएचची इन्व्हर्टर बॅटरी 1800 वॉट-अवरची. ती पूर्ण उतरवायची नसते आणि थोडी वीज वाटेत जाते, म्हणून हाती 1100 च्या आसपास धरा. लॅपटॉप 60, पंखा 70, दिवा 10, राउटर 10, असे 150 वॉट धरले तर सात तास. जूनच्या वाऱ्यात फणसाची फांदी तारांवर पडली की हेच सात तास कामाला येतात.

लॅपटॉपवर काम असेल तर यूपीएस घेऊच नका, त्याच्या पोटात बॅटरी आहेच. अडतं ते राउटरवर. त्याला डीसी मिनी यूपीएस मिळतो, फक्त राउटरच्या अडॅप्टरवरचा आकडा आधी वाचा. 9 व्होल्टच्या राउटरला 12 व्होल्ट दिले तर तो जळू शकतो.

इन्व्हर्टर आणि त्याच्यामागे यूपीएस असे एकामागोमाग जोडायचे असतील तर इन्व्हर्टर साइनवेव्हच (भिंतीच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) हवा. स्क्वेअरवेव्हची, म्हणजे चौकोनी लाटेची, वीज काही यूपीएसना ओळखूच येत नाही. इन्व्हर्टर चालू असतानाही ते स्वतःच्या बॅटरीवर राहतात आणि पंधरा मिनिटांत पिंपिं करत बंद पडतात. लेझर प्रिंटर मात्र दोन्हींपासून लांब, थेट भिंतीच्या सॉकेटवर. तापताना तो आठशे-हजार वॉट ओढतो.

देखभाल इन्व्हर्टरचीच जास्त. ट्युब्युलर (पाणी घालावी लागणारी) बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. पडवीत ठेवली तर खारा वारा टर्मिनल धरतो: पांढरा-हिरवा थर चढतो, जोड ढिला पडतो, तापतो. इन्व्हर्टर बंद करून मेनमधून काढा, बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडवा, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून ब्रशने घासा, कोरडं करून घट्ट आवळा आणि वर व्हॅसलिन लावा. बॅटरीत घालायचं पाणी फक्त डिस्टिल्ड. विहिरीचं कितीही गोड असलं तरी त्यातले क्षार प्लेटा खराब करतात.

आकाशातल्या विजेपासून मात्र यूपीएस आणि इन्व्हर्टर दोन्ही वाचवत नाहीत. वळिवाचं मळभ दाटून लांब गडगडायला लागलं की यूपीएस, राउटर आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन सॉकेटमधून बाहेर काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. लॅन केबल (इंटरनेटची तार) लांबून येत असेल तर तीही काढा. वीज डोक्यावर आली असेल तर पिनांना हात लावू नका. हे काम पहिल्या गडगडाटालाच उरकायचं.