माघातला चाफा

माघात चाफ्याकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. पानं गळलेली, फुलांचा पत्ता नाही, नुसत्या जाडजूड राखाडी फांद्या हरणाच्या शिंगांसारख्या वर उठलेल्या. मला मात्र देवळाच्या आवारातलं हे झाड याच दिवसांत जवळून बघायला आवडतं, कारण त्याच्या आजवरच्या बहरांचा हिशेब तेव्हा उघड्यावर असतो.

चाफ्याचा तुरा येतो तो फांदीच्या अगदी शेंड्याला. तुरा आला, की त्या फांदीचं सरळ वाढणं थांबतं आणि तुऱ्याच्या बुडाशी दोन-तीन नवे कोंब फुटतात. म्हणजे झाडावरचं प्रत्येक बेचकं ही बहुधा एका जुन्या तुऱ्याची जागा. (शेंडा मोडला तरी फांदी अशीच फुटते, म्हणून ‘बहुधा’.) शेंड्यापासून खोडाकडे बेचकी मोजत या, त्या वाटेवर किती वेळा फुलं आली याचा अंदाज येतो. मधल्या सालीवर गळून गेलेल्या पानांचे वणही दिसतात, एकेका पानाचा एकेक.

पानांवाचून हे झाड तग धरतं ते मांसल फांद्यांत साठवलेल्या पाण्यावर. म्हणूनच फांदी लावायची असेल तर कापल्यावर काही दिवस सावलीत ठेवून जखम वाळू द्यावी. ओली जखम मातीत गेली तर कुजते. चीक डोळ्यांत जाणार नाही, एवढं जपावं.

पाणी साठवायची ही सवय मायदेशातली. चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. त्याचं ‘प्लुमेरिया’ हे शास्त्रीय नाव शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच धर्मसाधक वनस्पतिशास्त्रज्ञावरून पडलं. नाव सारखं असलं तरी सोनचाफा त्याचा भाऊबंद नव्हे. कण्हेर, तगर, सदाफुली आणि रुई ही त्याच्या कुळातली झाडं, आणि फांदी मोडताच ठिबकणारा पांढरा चीक ही कुळाची ओळख.

फूल हातात घेऊन बघा. पाच पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकीवर एक कलत गेलेल्या, मध्ये अरुंद नळी. रात्री वास दाटतो आणि लांब सोंडेचे हॉक मॉथ पतंग मधाच्या आशेने येतात. नळीत मध नसतोच! तरी पतंग फुलामागून फूल धुंडाळत जातो आणि तेवढ्यात परागकण इकडचे तिकडे होतात.

आपल्याकडे फळ क्वचितच धरतं. त्यामुळे निष्पर्ण झाडावर एखाद्या बेचक्यापाशी दोन शेंगांची जोडी लटकलेली दिसली, तर जरा थांबा. ती पिकायला कित्येक महिने लागतात. मग शेंग वाळून उकलते आणि आतल्या चपट्या, पंखवाल्या बिया वाऱ्यावर निघून जातात.