बोट ते कान: घरच्या रेकॉर्डिंगसाठी ड्रम निवडताना

माझा भाचा नाशिकला सिडकोत राहतो. संध्याकाळी गोदाकाठी ढोलपथकाच्या सरावाला जातो आणि तिथे त्याचं टिपरू कधी चुकत नाही. मागच्या महिन्यात त्याने लॅपटॉपवर ड्रमचं एक मोफत सॉफ्टवेअर टाकलं, यूएसबीचं छोटं पॅड जोडलं, तासभर झटापट केली आणि वैतागून मला फोन केला. "मामा, हे सॉफ्टवेअर काही कामाचं नाही. खरं ड्रम मशीनच घ्यावं लागणार. माझा हात लयीत बसतच नाहीये."

जाऊन पाहिलं, तर कानात ब्लूटूथचे हेडफोन.

ब्लूटूथवर आवाज जाताना आधी तो आकसून लहान केला जातो, मग तुकड्यातुकड्यांनी हवेतून जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडतो. एवढ्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज निघून जातात. गाणं ऐकताना ते कळत नाही. वाजवताना मात्र सगळं बिघडतं. मिनिटाला १०० ठोक्यांची लय धरा. दोन ठोक्यांमध्ये ६०० मिलिसेकंद असतात. चौपटीत वाजवलं तर एकेका बोलाच्या वाट्याला १५० येतात. म्हणजे त्याला प्रत्येक बोल नेमका एक घर उशिरा ऐकू येत होता. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा १५० मिलिसेकंद म्हणजे ५१ मीटर. मिरवणुकीत लांब उभं राहिलं की टिपरू पडताना आधी दिसतं आणि आवाज मागून येतो, तसंच हे. पोरगा पन्नास मीटरवरचा ढोल वाजवत होता! वायरचे साधे हेडफोन लावले आणि पाच मिनिटांत हात बसला.

हा उशीर, म्हणजे लेटन्सी, नीट समजून घेतल्याशिवाय ड्रमवर एक रुपयाही खर्च करू नये, असं माझं ठाम मत आहे. लॅपटॉपमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतो. हे आकडे तो एकेक करून बाहेर सोडत नाही, एक वाटी भरली की ओततो. त्या वाटीला बफर म्हणतात. सेकंदाला ४४,१०० आकडे, आणि वाटीत २५६ मावत असतील तर ती भरायला ५.८ मिलिसेकंद लागतात. म्हणजे ड्रम दोन मीटरवर ठेवल्यासारखा. कुणालाही चालेल. वाटी १,०२४ ची केली की २३ मिलिसेकंद, ड्रम आठ मीटरवर गेला. हात जड वाटायला लागतो तो इथेच. पण वाटी फार लहान केली की लॅपटॉपची दमछाक होते आणि आवाजात कटकट, चरचर येते. विंडोजवर तर नेहमीच्या मार्गाने आवाज काढला की उशीर आणखी वाढतो. त्यासाठी एएसआयओ नावाचा वेगळा ड्रायव्हर असतो. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक आणि हेडफोन लॅपटॉपला जोडणारा छोटा डबा, घेतला की तो बहुतेक वेळा सोबतच मिळतो.

वेगळ्या ड्रम मशीनचा, म्हणजे ड्रमचे आवाज काढणाऱ्या स्वतंत्र डब्याचा, मोठा गुण इथेच आहे. त्यातल्या प्रोसेसरला दुसरं काम नसतं, त्यामुळे उशीर थोडा असतो आणि कायम सारखा असतो. सारखा असणं हे थोडं असण्याइतकंच महत्त्वाचं. ठरलेल्या उशिराशी हात थोडंफार जुळवून घेतो. दर ठोक्याला बदलणाऱ्या उशिराशी कुणाचाच हात जुळत नाही.

मात्र "मशीनचा आवाज खरा, सॉफ्टवेअरचा नकली" हे मला पटत नाही. १९८० साली रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे ड्रम मशीन आलं, त्यात रेकॉर्ड केलेला ड्रम नव्हताच. सगळे आवाज सर्किटमधून निघायचे. झांजेसाठी सहा ऑसिलेटर, म्हणजे एकसारखा सूर काढणारी सर्किटं, एकत्र वाजवून ते गाळून घ्यायचे. मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनी १९८२ च्या आपल्या ध्वनिमुद्रिकेत तेच मशीन वापरलं. त्याच १९८० मध्ये आलेल्या लिन एलएम-१ या मशीनमध्ये मात्र खऱ्या ड्रमचे आवाज आकड्यांच्या रूपात साठवलेले होते. आज दुकानातली बरीचशी मशीनं या दुसऱ्या जातीची आहेत. म्हणजे डब्यातला छोटा संगणक. लॅपटॉप तेच काम करतो, आणि मेमरी भरपूर असल्यामुळे अनेकदा जास्त बारकाईने करतो.

बारकावे कुठले? पॅडवर बोट पडलं की फक्त एक छोटा निरोप जातो: कुठला आवाज, आणि १ ते १२७ मधला किती जोर. मिडी नावाची ही भाषा १९८३ पासून चालत आली आहे. खऱ्या ड्रमवर जोरात मारलं की आवाज मोठा होतो आणि त्याचा पोतही बदलतो, जास्त कडक आणि उजळ होतो. म्हणून चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच स्नेअर ड्रमचे वेगवेगळ्या जोराचे कितीतरी नमुने असतात, आणि त्याच जोराचेही दोन-चार. नाहीतर लागोपाठचे ठोके हुबेहूब एकसारखे येतात आणि कान लगेच ओळखतो.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा पाहिलेल्या कुणालाही ऑक्टापॅड माहीत असतो. १९८५ च्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, काठी पडली की मिडीचा निरोप बाहेर, बस! आवाज दुसऱ्याच यंत्रातून. म्हणजे हार्डवेअर की सॉफ्टवेअर, असं एकच काहीतरी निवडायचं बंधन तेव्हापासूनच नाही. घरात काकांचा जुना ऑक्टापॅड पडला असेल तर तो विकू नका. मागे मिडी आउटचं पाच पिनांचं गोल भोक असतं. मिडी-यूएसबी केबल लावा आणि लॅपटॉपमधले ड्रम त्याच पॅडवर वाजवा.

म्हणून नवशिक्याला मी सांगतो: आवाज सॉफ्टवेअरचा घ्या, हाताखाली जोर ओळखणारं पॅड घ्या, आणि उरलेले पैसे वायरच्या हेडफोनवर आणि इंटरफेसवर घाला. लॅपटॉप फारच जुना असेल, स्टेजवर वाजवायचं असेल किंवा स्क्रीन समोर आली की वाजवणं राहूनच जात असेल, तर मशीन जरूर घ्या. ही तिसरी अडचण खरी असते, तिला कमी लेखू नका. फ्लॅटमध्ये पूर्ण इलेक्ट्रॉनिक सेट लावणाऱ्यांनी मात्र आधी खालच्या मजल्याचा विचार करावा. हेडफोनमुळे ड्रमचा आवाज बाहेर जात नाही, पण पायाच्या पेडलचा धक्का थेट स्लॅबमधून खाली उतरतो. जाड रबराची मॅट घातली तर निदान थोडा कमी होतो.

भाच्याला पुढे हवा होता नाशिक ढोल. त्याने सॉफ्टवेअरमधल्या विदेशी सेटमधला मोठा टॉम ड्रम खालच्या पट्टीत ओढून पाहिला. जमलं नाही, आणि त्याचं कारण भौतिकशास्त्रात आहे. ताणलेल्या साध्या गोल पानातून, म्हणजे वाद्याच्या चामड्यातून, मूळ स्वराबरोबर १.५९ पट, २.१४ पट अशी आडवीतिडवी कंपनं निघतात. तबला-मृदंगाच्या शाईमुळे ती सुरेल गुणोत्तरात येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच मांडलं होतं. ढोलाला दोन पानं, मध्ये कोंडलेली हवा, एकीकडे टिपरू, दुसरीकडे थापी. त्यातून होणारं कंपनांचं मिश्रण त्याचं स्वतःचं असतं. टॉमची पट्टी उतरवली तर सगळी कंपनं एकत्र खाली येतात, आपसातलं नातं टॉमचंच राहतं.

मग आम्ही खराच ढोल रेकॉर्ड करायला घेतला. फोनवर पहिला प्रयत्न फसला. फोन मोठा आवाज आपोआप दाबतो, त्यामुळे हलकी थाप आणि कडक टिपरू सारखंच ऐकू येत होतं. दुसऱ्या दिवशी माइक दीड मीटरवर ठेवला, इंटरफेसचा गेन, म्हणजे माइकचा आवाज वाढवणारं बटण, इतका खाली घेतला की सर्वात जोराच्या ठोक्यालाही आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी लाल होऊ नये, आणि प्रत्येक ठोक्यानंतर घुमारा पूर्ण विरेपर्यंत श्वास रोखून थांबलो. हलके, मध्यम, जोराचे, प्रत्येकी चार. स्क्रीनवर टिपरूचा एक ठोका मोठा करून पाहिला, तर सुरुवातीला रेष सुईसारखी उभी, आणि मागे रुंद, संथ लाटा. टिपरूचे बारा झाले, थापीचे आठ. तेवढ्यात पाऊस आला, चामड्याचं पान दमट हवेने सैल पडलं आणि आवाज उतरला. थापीचे उरलेले चार आणि अख्खा ताशा अजून बाकी आहे.