पार्मा दोनदा बुडाला: २००४ चं संकट वेगळं, २०१५ चं वेगळं

इटलीतल्या पार्मा क्लबचा विषय निघाला की ‘पार्मालात बुडाली आणि क्लब थेट चौथ्या श्रेणीत गेला’ असं एका दमात सांगून टाकतात. यात दोन घटनांची सरमिसळ आहे. पार्मालात ही दूध कंपनी कोसळली डिसेंबर २००३ मध्ये आणि क्लब चौथ्या श्रेणीत गेला २०१५ मध्ये. मधल्या काळात मालक बदलले, क्लब चालवणारी कंपनी बदलली, आणि बुडण्याची तऱ्हाही बदलली.

आधी वैभवाचा काळ. पार्मा म्हणजे जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर. १९९० मध्ये प्रशिक्षक नेव्हिओ स्काला यांच्या हाताखाली संघ पहिल्यांदाच सेरी ए, म्हणजे इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत आला आणि त्याच सुमारास पार्मालातच्या कालिस्तो तान्झी यांनी क्लब ताब्यात घेतला. पुढच्या नऊ वर्षांत चार युरोपीय करंडक आले. १९९३ ला वेम्बलीवर अँटवर्पला ३-१ हरवून कप विनर्स कप, पाठोपाठ मिलानला हरवून सुपर कप, १९९५ ला युव्हेंटसला नमवून यूएफा कप (अंतिम फेरीच्या दोन्ही लढतींत पार्माचा गोल दिनो बाजिओचाच) आणि १९९९ ला मॉस्कोत मार्सेलवर ३-० असा दुसरा यूएफा कप. बुफॉन, थुराम, कान्नावारो, वेरॉन आणि क्रेस्पो त्या १९९९ च्या एकाच संघात होते. लीगचं विजेतेपद मात्र कधीच मिळालं नाही. १९९७ ला युव्हेंटसपेक्षा फक्त दोन गुण कमी पडले.

हा सगळा डोलारा दुधाच्या पैशावर उभा होता, आणि दुधातच पाणी होतं. केमन बेटांवरच्या एका उपकंपनीच्या नावे बँक ऑफ अमेरिकेत ३९५ कोटी युरो आहेत, असं पार्मालात दाखवत होती. पुरावा म्हणून बँकेच्या लेटरहेडवरचं एक पत्र होतं. ते खोटं असल्याचं बँकेने डिसेंबर २००३ मध्ये सांगितलं आणि काही दिवसांतच कंपनी दिवाळखोरीत गेली. आडातच नव्हतं, पोहऱ्यात कुठून येणार? एकूण खड्डा १,४०० कोटी युरोंच्या घरात होता.

पण पहिल्या वेळी बुडाला तो मालक. क्लबही तोट्यात होताच, तरी त्याचा कारभार सरकारने नेमलेल्या प्रशासकाकडे, एन्रिको बोंदी यांच्याकडे, गेला. जानेवारी २००४ मध्ये आघाडीपटू आद्रियानो मिलान शहरातल्या इंटर क्लबला विकला. जून २००४ मध्ये ‘पार्मा एसी’चा खेळण्याचा हक्क ‘पार्मा एफसी’ या नव्या कंपनीकडे गेला आणि संघ सेरी ए मध्येच राहिला. उलट २००३-०४ चा हंगाम प्रशिक्षक प्रान्देल्ली यांनी पाचव्या क्रमांकावर संपवला. झळ बसली ती पुढच्या वर्षी. २००४-०५ ला एकीकडे यूएफा कपची उपांत्य फेरी, दुसरीकडे लीगमध्ये तळाशी झगडा. श्रेणी टिकवण्यासाठीच्या बोलोन्याविरुद्धच्या प्लेऑफमध्ये घरी ०-१ हरून, परक्या मैदानावर २-० जिंकून संघ कसाबसा तरला. २००८ ला पार्मा खालच्या श्रेणीत गेला खरा, पण तो मैदानावर हरून, आणि वर्षभरात परतलाही.

२०१५ ची गोष्ट आतून कुजल्याची आहे. २००७ पासून क्लब तोमासो गिरार्दी यांच्याकडे होता. एका टप्प्यावर दोनशेहून जास्त खेळाडू करारावर होते, त्यातले बहुतेक इकडेतिकडे उसने दिलेले. पहिली धोक्याची घंटा वाजली २०१४ ला. संघ सहावा येऊन युरोपा लीगला पात्र ठरला, पण खेळाडूंच्या पगारावरचा सुमारे ३ लाख युरोंचा कर वेळेत भरला नव्हता म्हणून युरोपीय फुटबॉल संघटनेचा, यूएफाचा, परवाना नाकारला गेला आणि जागा सातव्या आलेल्या तोरिनोला मिळाली. तीन लाख ही अशा क्लबसाठी चिल्लर. तीही भरली जात नव्हती, तिथेच ओळखायला हवं होतं.

पुढच्या हंगामाच्या हिवाळ्यात क्लब दोनदा विकला गेला, दुसऱ्यांदा अवघ्या एका युरोला. २२ फेब्रुवारी २०१५ ची उदिनेसेविरुद्धची लढत सुरक्षारक्षकांना द्यायला पैसे नाहीत म्हणून पुढे ढकलावी लागली. चाहत्यांनी क्लबच्या तार्दिनी मैदानाच्या फाटकावर पाटी लावली: ‘लुटीमुळे बंद’. १९ मार्चला न्यायालयाने दिवाळखोरी जाहीर केली. देणी २१ कोटी ८० लाख युरो, त्यात ६ कोटी ३० लाख थकलेले पगार. हंगाम पुरा व्हावा म्हणून लीगने ५० लाख युरो दिले. अशा अवस्थेत या संघाने एप्रिलमध्ये युव्हेंटसला १-० हरवलं, हे नमूद करायलाच हवं.

आता खरा फरक. इटलीत दिवाळखोर क्लब विकत घेणाऱ्याला ‘क्रीडा हक्क’, म्हणजे त्या श्रेणीत खेळण्याचा हक्क, हवा असेल तर खेळाडू, कर्मचारी आणि इतर क्लबांची देणी उचलावी लागतात. मालमत्ता, मैदानाचा करार, बोधचिन्ह ही वेगळी बाब. २००४ ला ही देणी नव्या कंपनीने घेतली, म्हणून हक्क टिकला. २०१५ ला खेळाडूंनी थकबाकीतला मोठा वाटा सोडून दिला, तरी उरलेलं ओझं उचलायला कोणी पुढे आलं नाही. दोन गट रिंगणात होते, त्यातला एक अमेरिकी बेसबॉलपटू माइक पियाझ्झा यांचा. दोघांनीही माघार घेतली. २२ जूनची मुदत टळली आणि हक्क संपला.

म्हणून मग इटलीच्या फुटबॉल फेडरेशनच्या नियमाखाली नवा क्लब, तोही हौशी फुटबॉलच्या सेरी डी, म्हणजे चौथ्या श्रेणीत. पास्तावाले बारिल्ला, रेसिंग गाड्यांचे दल्लारा असे स्थानिक उद्योजक मागे उभे राहिले, अध्यक्ष म्हणून नेव्हिओ स्कालाच परत आले, आणि कर्णधार लुकारेल्ली चौथ्या श्रेणीतही थांबला. पहिला हंगाम एकही सामना न हरता संपला. लागोपाठ तीन बढत्या घेऊन मे २०१८ मध्ये संघ सेरी ए मध्ये पोहोचला.

गल्लत टाळायची सोपी खूण नावात आहे. करंडक जिंकलेला तो पार्मा एसी, २००४ ते २०१५ चा पार्मा एफसी, आणि आज खेळतो तो पार्मा काल्चो १९१३.