मुंबईचं स्वस्त ताट: गिरणगावच्या खानावळीपासून राइस प्लेटपर्यंत

मुंबई बघायला आलेल्या माणसाच्या खिशात पैसे बेताचे असले, तरी इथे त्याची जेवणाची आबाळ होत नाही. स्वस्तात पोटभर आणि चवीचं जेवू घालायची ही सवय शहराला प्रवाशांमुळे लागलेली नाही. ती लागली घर सोडून आलेल्या कामगारांमुळे.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केली. पुढच्या काही दशकांत कोकणातून आणि घाटावरून माणसं येत राहिली. बायकामुलं गावी, शेताशी बांधलेली. लालबाग-परळच्या चाळींत दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस जण पाळीप्रमाणे झोपायचे. तिथे चूल मांडायला जागा नव्हती आणि रांधायला वेळही नव्हता. मग चाळीतलीच एखादी बाई महिन्याच्या हिशेबाने त्यांना दोन वेळ जेवू घालायची. ती खानावळवाली.

तिचं काम सोपं नव्हतं. सकाळच्या पाळीचा माणूस भोंग्याआधी जेवून किंवा डबा घेऊन निघायचा, त्यामुळे तिचा स्टोव्ह पहाटेच पेटायचा. रात्रपाळीवाला परतायचा तेव्हाही त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवलेली असायची. पैसे हातात पडायचे ते पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी चालू, आणि तीही संपली की सावकार. मुंबईच्या स्वस्त जेवणाचा खरा भार या बायकांनी वाहिला, असं माझं ठाम मत आहे. शहराच्या खाद्यसंस्कृतीवर एवढं लिहिलं जातं, त्यात त्यांच्या वाट्याला फार थोड्या ओळी येतात.

१९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. एकमेकींना जामीन राहून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांचं कर्ज मिळू लागलं आणि सावकाराचा विळखा सैल झाला. पण १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि खानावळवालीचं महिन्याचं गिऱ्हाईकच तुटलं.

तोवर दुसऱ्या बाजूने कारकुनांची सोय झालेली होती. दादरला मामा काणे यांचं उपाहारगृह १९१० पासूनचं. धोबीतलावाजवळची कयानी अँड कंपनी १९०४ची. अशा इराणी हॉटेलांत चहा आणि ब्रुन मस्का घेऊन निवांत बसता यायचं. ए. रामा नायक यांनी १९४२ मध्ये माटुंगा स्टेशनाला लागून जेवणाचं बोर्डिंग सुरू केलं. तिथे आजही केळीच्या पानावर भात, रसम, सांबार, भाज्या वाढतात. उडुपी हॉटेलांनी रूढ केलेली राइस प्लेट म्हणजे ठरलेल्या चपात्या किंवा पुऱ्या, दोन भाज्या, आमटी, भात, ताक असं मोजून वाढलेलं जेवण. दुपारच्या सुट्टीत उरकणारं आणि बेताच्या पगारात बसणारं. वडापाव या सगळ्यांत धाकटा. तो १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांच्या गाडीवर सुरू झाला, असं बहुतेक सगळे मानतात.

सरकारही या वाटेने आलं. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं काढली. ती फार वर्षं टिकली नाहीत. २६ जानेवारी २०२० ला १० रुपयांची शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, भाजी, वरण, भात.

खानावळींत आणि हॉटेलांत दर्जा टिकला, कारण गिऱ्हाईक रोजचं होतं. रोज त्याच पंगतीला बसणाऱ्याला शिळं किंवा पाणचट वाढून चालत नाही. तो दुसऱ्या दिवशी समोरच्या दारात जातो. म्हणून पाहुण्यानेही रोजचं गिऱ्हाईक हेरावं. फोर्टात किंवा दादरला दुपारी साडेबारा-एकला ऑफिसची माणसं जिथे दाराशी थांबलेली दिसतील, तिथे थांबावं. अनोळखी माणसासमोर त्याच टेबलावर बसायला सांगितलं तर बसावं. गर्दीच्या वेळी इथली तशीच रीत आहे. आणि फार उशीर करू नये, राइस प्लेट बऱ्याच ठिकाणी तीनपर्यंत संपते.