परकायाप्रवेश

परकायाप्रवेश : योगबळाने स्वतःचे शरीर सोडून दुसऱ्याच्या, बहुधा मृत, शरीरात शिरण्याची सिद्धी. ‘परशरीरावेश’ आणि ‘परपुरप्रवेश’ ही तिचीच नावे. योगग्रंथांत तिचे विधान थोडक्यात येते. विस्तार आहे तो कथावाङ्मयात आणि संतचरित्रांत.

पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादातील (तिसऱ्या प्रकरणातील) ३८ व्या सूत्रात (काही आवृत्त्यांत क्रमांक वेगळा पडतो) तिची दोन कारणे दिली आहेत : चित्ताला शरीराशी बांधणाऱ्या कर्मबंधाचे शैथिल्य आणि चित्ताच्या संचारमार्गाचे ज्ञान. राजमाशी उडाली की इतर माश्या तिच्यामागे उडतात, ती बसली की बसतात. तशी इंद्रिये चित्तामागोमाग नव्या शरीरात जातात, असा दृष्टांत या सूत्रांवरील भाष्यात आहे. याच पादातील ४३ व्या सूत्रात ‘महाविदेहा’ ही वृत्ती येते. मन शरीरातच राहून बाहेर वावरते ती कल्पिता. शरीराची अपेक्षाच न ठेवता बाहेर वावरते ती अकल्पिता, म्हणजे महाविदेहा. आणि हिच्याच योगे योगी परशरीरांत शिरतात, असे भाष्यकार म्हणतो. देहाबाहेर जाणे आणि परदेहात शिरणे यांचा सांधा ग्रंथात जुळतो तो येथे, परंतु लोकप्रिय विवेचनांत नेमके हेच सूत्र सुटते. भाष्य व्यासांचे आणि सूत्रांहून बरेच नंतरचे, असा पारंपरिक समज आहे. सूत्रे व भाष्य मिळून एकाच कर्त्याचे शास्त्र असून ते इ. स. ४०० च्या आगेमागे सिद्ध झाले असावे, हे संशोधक फिलिप मास यांचे मत अलीकडे अधिक ग्राह्य मानले जाते. ते स्वीकारल्यास वरील दृष्टांत सूत्राच्याच काळचा ठरतो.

भागवताच्या अकराव्या स्कंधातील पंधराव्या अध्यायात ही सिद्धी दहा गौण सिद्धींत मोजली आहे. तेथे प्राणवायुरूप झालेला योगी भुंग्याप्रमाणे एक पिंड टाकून दुसऱ्यात जातो. एकनाथी भागवतामुळे (१५७३) हा सिद्धिविचार मराठीत आला. ब्रह्मसूत्रांत (४.४.१५) एका दिव्यावरून अनेक दिवे लागावेत तसा मुक्तात्म्याचा अनेक शरीरांत आवेश सांगितला आहे, तो विषय याहून वेगळा.

प्रत्यक्ष कृती तपशिलाने देणारा ग्रंथ म्हणजे जैन आचार्य हेमचंद्रांचे बाराव्या शतकातील योगशास्त्र. त्याच्या पाचव्या प्रकाशात (प्रकरणात) प्राणायाम व नाडीविचारानंतर ‘वेध’विधी येतो : वायूसह चित्त ब्रह्मरंध्रातून बाहेर काढून आधी रुईच्या कापसावर अभ्यास करावा, मग फुले व सुगंधी द्रव्ये, नंतर लहान पक्षी व भुंगे, त्यापुढे हरणासारखे पशू आणि शेवटी माणूस, घोडा, हत्ती यांची शरीरे. ही सर्व मृत शरीरे होत. जिवंत देहातील प्रवेश पापाच्या भीतीने सांगत नाही, असे ग्रंथकार बजावतो. सहाव्या प्रकाशाच्या आरंभीच तो म्हणतो, की हा केवळ चमत्कार असून दीर्घ काळ श्रम करूनही साधेलच असे नाही. एवढा बारीक विधी सांगून लगेच त्याचे मोल उतरवणारा लेखक विरळाच.

कथावाङ्मय : मॉरिस ब्लूमफील्ड या अमेरिकन संस्कृतज्ञाने १९१७ मध्ये या कथाबीजावर स्वतंत्र निबंध लिहिला. जिवंत व्यक्तीला योगाने व्यापणे आणि रिकाम्या देहात शिरणे हे त्यातले दोन प्रकार अजूनही सोयीचे आहेत. महाभारतात पहिला प्रकार ठळक दिसतो. अनुशासनपर्वात विपुल हा शिष्य इंद्रापासून गुरुपत्नी रुचीचे रक्षण करण्यासाठी तिच्या देहात राहतो आणि त्याचे स्वतःचे शरीर चित्रासारखे निश्चल पडून असते. शांतिपर्वात सुलभा ही संन्यासिनी जनकाच्या देहात शिरून त्याच्याशी वाद घालते. आश्रमवासिकपर्वात विदुर युधिष्ठिरात विलीन होतो.

मृतदेहप्रवेशाच्या कथांत रस असतो तो मागे टाकलेल्या देहाच्या राखणीत. अकराव्या शतकातील कथासरित्सागरात इंद्रदत्त गुरुदक्षिणेच्या धनासाठी नुकत्याच मेलेल्या नंद राजाच्या शरीरात शिरतो. मंत्री शकटालाला संशय येतो, तो राज्यातील सगळी प्रेते जाळवतो आणि इंद्रदत्त कायमचा राजा होऊन बसतो. भगवदज्जुकम् या प्रहसनात परिव्राजक गणिकेच्या मृत देहात शिरतो. यमदूत परत येऊन गणिकेचा जीव परिव्राजकाच्या देहात घालतो आणि दोघांची बोली उलटीपालटी होते. हे प्रहसन बोधायनाचे की पल्लव राजा पहिल्या महेंद्रवर्म्याचे (सातवे शतक), हा वाद आहे. मामंडूर येथील शिलालेखात महेंद्रवर्म्याच्या मत्तविलास या प्रहसनाबरोबर याचेही नाव आल्याने दुसऱ्या पक्षाला बळ मिळते. तथापि उल्लेख म्हणजे कर्तृत्व नव्हे.

शंकराचार्यांनी मंडनमिश्रांची पत्नी उभयभारती हिच्या कामशास्त्रविषयक प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी अमरुक राजाच्या शरीरात वास केला, ही कथा माधवाच्या नावावरील शंकरदिग्विजयामुळे सर्वत्र पसरली. हा माधव म्हणजे चौदाव्या शतकातील विद्यारण्य, असे परंपरा मानते. ग्रंथ त्याहून बराच उत्तरकालीन असावा, याकडे अभ्यासकांचा कल आहे. त्यात शिष्य पद्मपाद गुरूला मत्स्येंद्राचे (नाथकथांतील मच्छिंद्रनाथांचे) उदाहरण देऊन सावध करतो.

महाराष्ट्र : महानुभाव परंपरेत हा कथेचा विषय नसून सिद्धांताचा भाग आहे. द्वारावतीच्या चांगदेव राउळांनी कामाख्या नावाच्या योगिनीच्या हट्टामुळे देह ठेवला आणि भडोचचा प्रधान विशाळदेव याचा मुलगा हरिपाळदेव याच्या मृत शरीराचा स्वीकार केला. तेच पुढे चक्रधर झाले, असे लीळाचरित्रात आहे. ही घटना साधारणपणे १२२० च्या सुमाराची मानतात, पण तो काळ उत्तरायुष्यातील घटनांवरून मागे मोजलेला आहे. (हे चांगदेव ज्ञानेश्वरांना भेटलेले वटेश्वर चांगदेव नव्हेत.) पंथीय विचारानुसार परमेश्वर गर्भ, पतित व दवडणे अशा तीन प्रकारे देह धारण करतो. पतित म्हणजे जीव निघून गेलेला देह घेणे, दवडणे म्हणजे असलेल्या जीवाला बाहेर घालवून देह घेणे. त्यामुळे चक्रधरांच्या बाबतीत योगसिद्धी ही संज्ञा वापरणे पंथाला मान्य होणारे नाही. हेमचंद्र ज्या जिवंत देहाबद्दल मौन पाळतो, तो येथे ईश्वरापुरता उघडपणे मान्य आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

नाथकथांतील प्रसंग मराठी वाचकाला मालूकवीच्या नवनाथ भक्तिसारामुळे (१८१९) परिचित आहेत. त्यात मच्छिंद्रनाथ प्रयागच्या त्रिविक्रम राजाच्या देहात राहतात. राणी रेवती त्यांच्या मूळ देहाचे तुकडे करविते आणि तो देह परत मिळवण्यासाठी गोरक्षाला लढावे लागते.

तिबेटी बौद्ध परंपरेत मार्पा या गुरूचा मुलगा दार्मा दोदे मरताना कबुतराच्या आणि तेथून भारतातील एका मृत ब्राह्मणकुमाराच्या देहात गेल्याची कथा आहे.

आधुनिक काळात थिऑसॉफिकल सोसायटीच्या (स्थापना १८७५) लेखनामुळे सूक्ष्मदेहाने फिरून येण्याची कल्पना रूढ झाली आणि परकायाप्रवेश तिच्याशी एकरूप मानला जाऊ लागला. हे सैल समीकरण आहे : सूक्ष्मदेहाच्या प्रवासात साधक आपल्याच देहात परततो, दुसरा देह लागतच नाही.  २००२ मध्ये जिनिव्हा येथे ओलाफ ब्लांके व सहकाऱ्यांनी अपस्माराच्या एका स्त्रीरुग्णाच्या मेंदूतील उजव्या अँग्युलर गायरस या भागाला विद्युत उद्दीपन दिले, तेव्हा स्वतःला वरून पाहत असल्याचा अनुभव तिने सांगितला. देहाबाहेर असल्याची जाणीव कशी निर्माण होत असावी, यावर या प्रयोगाने प्रकाश पडतो. परदेहातील प्रवेशाशी त्याचा संबंध जोडता येत नाही.