कॉन्ट्रिब्यूटर की मेंटेनर? रिझ्युमेवर लिहिण्याआधी

नाशिकमध्ये नव्या पोरांच्या मुलाखती घेताना रिझ्युमेवर हल्ली 'ओपन सोर्स मेंटेनर' असं सर्रास दिसतं. खोदून विचारलं की कळतं, एका प्रोजेक्टात दोन-तीन पुल रिक्वेस्ट (कोडमधला बदल घेण्याची विनंती) मर्ज झाल्यात, म्हणजे मूळ कोडात घेतल्या गेल्यात. छानच आहे की! पण त्याला कॉन्ट्रिब्यूटर म्हणतात.

कॉन्ट्रिब्यूटर व्हायला कुणाची परवानगी लागत नाही. ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना उघडा. बग शोधा, दुरुस्त करा, पाठवा. तो घ्यायचा की नाही, हे मेंटेनर, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणारा, ठरवतो. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टांत तर थेट कोड घालायचा हक्क हवा असेल, म्हणजे कमिटर व्हायचं असेल, तर आधीची मंडळी मत देऊन निवडतात.

लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, हा फरक पॅचखालीच (पाठवलेल्या बदलाखालीच) वाचता येतो. पाठवणारा 'साइन्ड-ऑफ-बाय' लिहून पुढे नाव घालतो: हा कोड या लायसन्सखाली द्यायचा मला अधिकार आहे. पॅच घेणारा मेंटेनर त्याखाली आपल्या नावाची तशीच ओळ जोडतो. २००४ पासूनची ही पद्धत. पहिल्याचं काम बहुधा तिथं संपतं, दुसऱ्याचं सुरू होतं. जुन्या व्हर्जनवर काही मोडलं का, टेस्ट (कोड तपासणारा कोड) कुठंय, सहा महिन्यांनी कुणी बग घेऊन आलं तर बघणार कोण? दिंडोरीच्या द्राक्षबागेत छाटणीची टोळी कितीही कसबी असो, भुरीचा रोग आला की झोप बागायतदाराचीच उडते.

आणि त्या जागरणाचे पैसे मिळतीलच असं नाही. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरच्या लक्षात आलं, की एसएसएच लॉगिनला (दूरच्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतोय. खणत गेल्यावर एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये चोरवाट सापडली. ती घालणारा 'जिया टॅन' नावानं आधी साधे पॅच पाठवायचा. दमलेल्या, एकट्या पडलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावून तो स्वतःच मेंटेनर झाला होता.

म्हणून फ्रेशरनं 'कॉन्ट्रिब्यूटर' लिहिलं तर मला कमीपणा वाटत नाही. पुल रिक्वेस्ट किती, हे मी विचारतच नाही. एखादी उघडायला लावतो. रीडमीतलं (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलीतलं) स्पेलिंग सुधारलेलं असेल तर विषय दोन मिनिटांत आटोपतो. पण 'टाइमझोन बदलला तर हे चालेल का?' असं मेंटेनरनं अडवलंय आणि पोरीनं टेस्ट लिहून उत्तर दिलंय, असं दिसलं की बाकीचे प्रश्न बाजूला पडतात.